उंच धबधबा आणि बुटका बांध

आल्प्सच्या उभ्या उताराच्या ओढ्यांतून कयाक, म्हणजे दुहेरी पात्याच्या वल्ह्याने हाकायची एका माणसाची छोटी नाव, चालवणारा माणूस जिवावर उदार झालेला असतो, अशी एक ठाम समजूत मला सगळीकडे भेटते. अचलपूर तालुक्यात, गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या माझ्या गावातही ती आहे. मी ऑस्ट्रियाहून आणलेले फोटो पाहताना प्रत्येकाचे बोट एकाच फोटोवर थांबते. दोन कातळांच्या मधून पांढरे पाणी सरळ खाली कोसळते आहे आणि त्याच्या ओठावर एक लाल नाव अर्धी हवेत आहे, असा तो फोटो आहे. "किती फूट होतं?" हा पहिला प्रश्न असतो आणि "भेव नाई वाटलं का?" हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी देतो, परंतु त्या दिवशी आमच्या गटाला ज्या पाण्याची खरोखर भीती वाटली त्याचा फोटो कोणी काढलाच नव्हता, कारण तिथे फोटो काढण्यासारखे काही दिसतच नव्हते. आणि ज्या पाण्याजवळ जाण्यास उत्तमातला उत्तम कयाकपटूही नकार देईल, ते पाणी आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, माणसाच्या कमरेएवढ्या, नाल्यावरच्या सिमेंटच्या बांधाखाली दर पावसाळ्यात तयार होते. हे मला सविस्तर सांगायचे आहे, कारण माझ्या मते या खेळाने मला दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे.

तरुणपणी मी ऋषिकेशला होतो. गंगेवर पर्यटकांच्या राफ्टच्या पुढेमागे एक छोटी कयाक घेऊन राहायचे आणि कोणी पाण्यात पडले तर त्याला काठाला आणायचे, असे माझे काम होते. तिथे भेटलेल्या मित्रांच्या आग्रहाने पुढे एका उन्हाळ्यात मी ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातल्या ओट्सताल या दरीत गेलो. गंगा ही मोठ्या पाण्याची नदी आहे. तिच्या लाटा घराएवढ्या उठत असल्या तरी त्यांच्याखाली पाणी खोल असते, आणि उलटलेल्या माणसाला सरळ होण्यास अवधी मिळतो. आल्प्समधला ओढा याच्या अगदी उलट आहे. त्यात पाणी थोडे असते, उतार प्रचंड असतो आणि पाण्याखाली हातभर अंतरावर दगड असतो.

पाणी थोडे असते म्हणजे किती, हे आपल्याकडच्या मापात सांगतो. धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्यांमुळे क्युसेक हे माप आपल्या गावागावांत परिचयाचे झाले आहे आणि हजारो क्युसेकचे आकडे आपण सहज ऐकतो. आल्प्समधल्या एखाद्या अवघड ओढ्यातून सेकंदाला ५ ते १० घनमीटर, म्हणजे साधारण १७५ ते ३५० क्युसेक एवढेच पाणी वाहत असते. बातमीत हा आकडा ऐकला तर कोणी मान वर करून पाहणार नाही. परंतु एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. ते पाणी जर एका किलोमीटरमध्ये पन्नास-साठ मीटर खाली उतरत असेल, तर त्याचा वेग आणि त्यामुळे त्याचा रेटा कुठल्या कुठे जातो. वेग दुप्पट झाला की वाहत्या पाण्याचा रेटा चौपट होतो. किती पाणी आहे यापेक्षा ते किती वेगाने आणि कशातून जाते, याला जास्त महत्त्व आहे.

हे ओढे इतके उभे का आहेत याचे उत्तर हिमनद्यांमध्ये आहे. हिमयुगात मुख्य दरीतली हिमनदी जाड आणि जड होती, तिने आपली दरी खोलवर खरवडली. बाजूच्या दऱ्यांमधल्या लहान हिमनद्यांना तेवढे खोल जाता आले नाही. बर्फ मागे हटल्यावर बाजूच्या दऱ्या मुख्य दरीच्या भिंतीवर उंच लटकल्यासारख्या राहिल्या आणि त्यांच्यातले पाणी आजही मुख्य दरीला मिळण्यासाठी शेवटच्या टप्प्यात धाडधाड खाली उतरते. ओट्सतालमध्ये यात आणखी एका घटनेची भर पडली आहे. सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी कोफेल्स येथे डोंगराची एक अख्खी बाजू घसरून दरीत आली. स्फटिकमय खडकातली ही आल्प्समधली सर्वांत मोठी दरड मानली जाते. तिने दरीचा मार्ग अडवला आणि ओट्सतालर आखे ही नदी त्या राशीतून वाट कापत माउराखच्या घळीतून पुढे निघाली. खाली ओट्स गावाजवळ वेलरब्रुके नावाच्या पुलाखाली या नदीचा जो टप्पा आहे, तिथे २००८ पासून अनेक वर्षे एक्स्ट्रीम कयाकिंगची जागतिक स्पर्धा भरत असे. ती शरद ऋतूत भरवण्यामागे कारण होते. ऐन उन्हाळ्यात हिमनद्या वितळत असताना तो टप्पा इतका फुगलेला असतो की तिथे शर्यत लावणे शक्य नाही. रात्री गारठू लागल्या, वितळणे मंदावले, की पाणी माणसाच्या आवाक्यात येते.

या पाण्याचे एक रोजचे घड्याळ आहे. पहाटे ओढा सर्वांत लहान असतो. दिवसभर ऊन पडते, बर्फ वितळते, ते पाणी वरून खाली पोचण्यास काही तास लागतात, आणि म्हणून दुपार उलटल्यावर, आभाळ निरभ्र असताना, ओढा फुगतो. आपल्या डोक्यात पूर आणि ढग यांची जोडी पक्की बसलेली असल्यामुळे स्वच्छ उन्हात चढणारे पाणी मला सुरुवातीला फार अनोळखी वाटले. आमच्या गटाची प्रमुख त्याच दरीत वाढलेली, आमच्याहून वयाने मोठी स्त्री होती. तिने आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवले होते की सकाळी लवकर पाण्यात उतरायचे आणि दुपारच्या जेवणाच्या आत बाहेर यायचे. उशीर झाला तर उरलेला ओढा पायी उतरायचा. पाण्याचा रंग राखट दुधाळ होता, कारण हिमनदीने दळलेल्या खडकाचे पीठ त्यात मिसळलेले असते. त्या पाण्यात वीतभर खाली काय आहे ते दिसत नाही. त्याचे तापमान ऐन उन्हाळ्यातही पाच-सहा अंशांच्या आसपास असते.

आम्ही ओट्सतालच्या एका बाजूच्या दरीतला ओढा निवडला होता, आणि ज्या धबधब्याचा फोटो गावात हातोहात फिरला तो त्याच ओढ्यावरचा आहे. वरून येताना तो दिसत नाही. पाण्याची सपाट रेषा तेवढी दिसते आणि त्या रेषेच्या पलीकडे झाडांचे शेंडे. अशी रेषा दिसली की नाव काठाच्या बाजूला, दगडाच्या आडोशाला जिथे पाणी उलटे वर फिरते त्या जागी थांबवायची. तिला आम्ही एडी म्हणतो. सगळ्यांनी नावांतून उतरायचे आणि काठाने चालत जाऊन धबधबा खालून, बाजूने आणि पुन्हा वरून पाहायचा. याला आम्ही स्काउट करणे म्हणतो आणि या खेळातला सर्वांत जास्त वेळ याच कामात जातो. नाव धबधब्यावरून खाली जाण्यास दोन सेकंद लागतात. त्याआधी त्या दोन सेकंदांविषयी काठावर उभे राहून अर्धा तास बोललेले असते.

त्या धबधब्याची उंची दोन पुरुष असेल. गर्जना अशी होती की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत होते. तरीही आमच्या प्रमुखाने तो पाहून मान डोलावली, कारण त्याच्याबद्दल जे जे विचारायला हवे होते त्याची उत्तरे चांगली होती. खाली कुंड खोल होते. पडणाऱ्या पाण्याखाली कातळ पोखरलेला नव्हता. कोसळलेल्या पाण्याचा एक भाग उलटा धबधब्याकडे फिरत होता, परंतु त्या उलट्या पाण्याची उजवी बाजू प्रवाहाच्या दिशेने मोकळी होती, म्हणजे त्यात सापडलेली वस्तू थोड्या वेळाने उजवीकडून आपोआप बाहेर पडत होती. कुंडाच्या पुढे सावकाश वाहणारा पट्टा होता. कोणी नावेतून बाहेर पडलेच तर त्याला गाठण्यास जागा होती. आमच्यापैकी एक जण दोरीची पिशवी घेऊन कुंडाच्या उजव्या काठावर जाऊन उभा राहिला, दुसऱ्याने नाव घेऊन खालच्या एडीत जागा धरली, आणि मग एकेक जण उतरला. ओठावर पोचताच एक जोरदार वल्हे मारून नावेचे नाक उचलायचे, म्हणजे नाव नाकावर खाली न घुसता जवळजवळ आडवी, उलट्या पाण्याच्या पलीकडे जाऊन पडते. ती पडताना जो धप्प आवाज होतो त्यावरून या युक्तीला बूफ असे नाव पडले आहे. पांढऱ्या, हवा मिसळलेल्या पाण्यावर ती मऊ पडते; हिरव्या, घट्ट पाण्यावर तशी पडली तर पाठीच्या मणक्याला इजा होऊ शकते, म्हणून बूफ कुठे करायचा आणि कुठे नाही, हेही काठावरच ठरलेले असते.

आमच्यातला एक जण खाली पडताना तिरपा झाला आणि उलटला. उलटलेली कयाक पाण्याखालून वल्ह्याने सरळ करण्याची विद्या मूळ ध्रुवप्रदेशातल्या इन्युइट शिकाऱ्यांची. युरोपात ती प्रथम साधली हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने, १९२७ साली, वाइसेनसे नावाच्या सरोवरात. सरोवरातले पाणी स्थिर असते. फेसाळलेल्या पाण्यात मात्र वल्ह्याला धरच मिळत नाही, कारण त्यात पाण्याबरोबर हवाही असते, आणि आमच्या मित्राचे तेच झाले. तो नावेतून बाहेर आला, काठावरून दोरी सुटली, ती त्याच्या खांद्यावर पडली आणि तो एका लंबकासारखा झुलत काठाला लागला. हा सगळा प्रकार अर्ध्या मिनिटात संपला. परंतु काठाला आल्यावर त्याला काही क्षण बोलता येत नव्हते, श्वास धापांनी येत होता आणि दोरीवरची मूठ आम्हाला उलगडावी लागली. अतिथंड पाण्यात पहिल्या मिनिटात शरीर आपल्या ताब्यात राहत नाही, आपोआप मोठा श्वास ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येणारा माणूसही बुडतो. आम्ही त्याला उन्हात बसवले, कोरडे कपडे दिले, साखरेचा चहा दिला. पुढच्या टप्प्याला त्याने "मी चालत येतो" एवढेच म्हटले. कोणीही त्याला कारण विचारले नाही. नाव खांद्यावर घेऊन काठाने जाण्याचा प्रत्येकाचा हक्क बिनशर्त असतो आणि तो वापरणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. या खेळातला मला सर्वांत आवडलेला रिवाज तो आहे.

आता त्या न काढलेल्या फोटोबद्दल. धबधब्याच्या खाली काही अंतरावर ओढा मोठमोठ्या दगडांच्या राशीत शिरत होता. उंची म्हणाल तर गुडघ्याएवढीही नव्हती. आवाज जवळजवळ थांबला होता. पाणी पांढरे नव्हते. दगडांच्या मधल्या फटींमध्ये ते शांतपणे, काळसर होऊन जात होते, आणि एखाद्या नवख्याला इथेच विसावा घ्यावासा वाटला असता. आमच्या प्रमुखाने काठावरची एक वाळकी फांदी तोडून वरच्या बाजूला पाण्यात टाकली. फांदी सावकाश वाहत आली, दोन दगडांच्या मध्ये पोचली आणि खाली ओढली गेली. आम्ही सगळे राशीच्या खालच्या तोंडाकडे पाहत उभे राहिलो. फांदी आली नाही. तिने दुसरी टाकली, तीही आली नाही. पाण्याला दगडांखालून वाट होती. फांदीला नव्हती, आणि माणसाला तर नव्हतीच. अशा जागेला आम्ही चाळणी किंवा सायफन म्हणतो. कातळात कोरलेला धबधबा उंच असला तरी बहुधा स्वच्छ असतो. दरड कोसळून झालेली दगडांची रास बुटकी असली तरी तिच्या पोटात काय आहे ते कोणालाच माहीत नसते. नावा खांद्यावर घेऊन, झुडपांतून आणि निसरड्या दगडांवरून, आम्ही ती रास बराच वेळ घेऊन ओलांडली. त्या दिवसातले सर्वांत कष्टाचे काम तेच होते आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

मोठे नाव असलेल्या कयाकपटूंच्या गोष्टी वाचतानाही मी हेच शोधतो. १९७६ मध्ये डॉ. माइक जोन्स यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश तुकडीने एव्हरेस्टच्या परिसरातून निघणारी दूधकोशी नदी कयाकने उतरली, तेव्हा त्या उंचीवरच्या पाण्याचे जगभर कौतुक झाले. दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, पाकिस्तानातल्या ब्राल्डू नदीवर एका सहकाऱ्याच्या मदतीला गेले असताना ते बुडाले. पाण्यात दुसऱ्यासाठी उडी घेणाऱ्याचा धोका किती मोठा असतो, हे त्यांच्यासारख्या तयारीच्या माणसाच्या मृत्यूवरून कळते. आमच्याकडे तर ना तयारी असते, ना लाइफ जॅकेट, ना दोरी. असते ती फक्त माया.

आमच्या भागातल्या नद्यांना हिमनदी नाही. चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे आणि त्याच्या एका अंगाला सिपना, खापरा, गडगा या नद्या मेळघाटातून तापीकडे जातात, तर दुसऱ्या अंगाने सापन, बिच्छन, चंद्रभागा मैदानात उतरून पूर्णेच्या खोऱ्यात शिरतात. खडक लाव्हाच्या थरांचा, काळा बसाल्ट. थरावर थर असल्यामुळे डोंगरातले नाले पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतात. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रातून बैलगाडी जाते. आषाढ-श्रावणात वर पठारावर दोन-तीन तास जोराचा पाऊस झाला, की खाली आमच्या शिवारात ऊन असतानाही नाला अचानक गढूळ होऊन भरून येतो. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातल्या नद्यांवर नाव घालण्याचा प्रश्नच येत नाही, आणि गावाजवळच्या नाल्यांत मी स्वतः कयाक घालत नाही. त्यांच्यात वाहून आलेली बाभळीची झाडे आडवी अडकलेली असतात, शेतांच्या कुंपणाच्या तारा पात्रात लोंबत असतात. झाडाच्या फांद्यांतून पाणी जाते आणि माणूस त्यांत अडकून राहतो. ती चाळणीच असते, फक्त लाकडाची.

मी मात्र नाले पाहत फिरतो. परत आल्यानंतर आलेल्या पहिल्याच मोठ्या पुरात मी गावाच्या वरच्या सिमेंट नाला बांधावर गेलो होतो. जलसंधारणाच्या कामांतून असे बांध आपल्याकडे गावोगावी झाले आहेत आणि विहिरींना त्यांचा जो फायदा झाला आहे तो मी स्वतः संत्र्याच्या बागेत अनुभवला आहे. बांधांविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. त्या दिवशी पाणी बांधाच्या माथ्यावरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारख्या जाडीने पडत होते. खाली, बांधापासून काही हातांवर, एक मोठा पळसाचा ओंडका फिरत होता. तो पडत्या पाण्याकडे जायचा, त्याखाली दाबला जायचा, दिसेनासा व्हायचा, थोड्या वेळाने पुढे वर यायचा आणि पुन्हा मागे, बांधाकडेच, ओढला जायचा. शाळेतली मुले काठावरून त्याला दगड मारत होती. मी दुपारभर तिथे होतो. संध्याकाळी पाणी ओसरेपर्यंत तो ओंडका तिथून सुटला नाही.

पडणारे पाणी तळाला जाते, तळावरून पुढे सरकते, मग वर उसळते, आणि उसळल्यावर त्यातले काही पाणी पृष्ठभागावरून पुन्हा बांधाकडे धावते. धबधब्याखालीही असेच घडते, परंतु निसर्गातल्या धबधब्याचा ओठ वेडावाकडा असतो, एखादी बाजू मोकळी असते, कुठेतरी जास्त पाणी पडून उलट्या प्रवाहाला खिंडार पाडते. उलट्या पाण्याच्या पट्ट्याची टोके प्रवाहाच्या दिशेने वळलेली असली तर सापडलेला माणूस बाजूला सरकून सुटतो. बांधाचा माथा मात्र पाणसळीने आणि दोरी लावून सरळ केलेला असतो, दोन्ही टोकांना सिमेंटच्या भिंती असतात, आणि त्यामुळे सुटकेची एकही जागा शिल्लक राहत नाही. शिवाय तिथल्या पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की जॅकेट घातलेल्या माणसालाही ते नीट तरंगवत नाही. जगभरातले बचाव-प्रशिक्षक अशा बुटक्या बांधाला बुडवणारे यंत्र म्हणतात, आणि दोन पुरुष उंचीच्या धबधब्यावरून आनंदाने उतरणारे माझे ते मित्र असा बांध दिसला की नाव खांद्यावर घेऊन निमूट चालू लागतात.

रपट्याचे, म्हणजे नाल्यावरच्या पाइप टाकलेल्या ठेंगण्या पुलाचे, पाणी याहून फसवे असते, कारण तिथे बुडवणाऱ्या जागा दोन असतात. रपट्यावरून पाणी जाऊ लागले की खालच्या अंगाला बांधासारखाच उलटा प्रवाह तयार होतो. वरच्या अंगाला, पाण्याखाली गेलेल्या सिमेंटच्या पाइपांच्या तोंडाशी, पाणी आत ओढले जात असते आणि वरून त्याची खूणही दिसत नाही. फार तर एखादा लहानसा भोवरा दिसतो. पाइपात फांद्या अडकलेल्या असतील तर ती आमच्या आल्प्सच्या ओढ्यातलीच चाळणी झाली. वीतभर खोल वेगवान पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते, फूटभर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि दोन फुटांत बहुतेक वाहने तग धरत नाहीत. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत दुचाकीसह वाहून गेलेल्यांच्या बातम्या येतात. त्यांतली बरीच माणसे रोजच्या रस्त्याने, रोजच्या वेळी, घरी निघालेली असतात.

गावातले एक वृद्ध भोई काका, ज्यांनी आयुष्यभर सापनच्या डोहांत जाळे टाकले, त्यांना मी हे सगळे सांगत होतो तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही. भरल्या नाल्याच्या काठावर ते आधी थांबतात, पळसाचे एक पान किंवा काटकी पाण्यात टाकतात आणि ती कुठे जाते, कुठे थांबते, कुठे दिसेनाशी होते ते पाहतात. मग हातातल्या काठीने तळ चाचपतात. बहुतेक वेळा ते घरी परततात. "बाबू, पानी गुमान दिसलं म्हून पाय टाकू नोको," ते म्हणाले. "खाली काय हाये थे पायल्याशिवाय नाई." टायरॉलमधल्या त्या स्त्रीने फांदी टाकली आणि आमच्या काकांनी काटकी टाकली, तेव्हा दोघांना एकच माहिती हवी होती. मला त्यामुळे आपल्या गावांत हे ज्ञान नाही असे कधीच वाटत नाही. ते ज्यांच्याकडे आहे ती माणसे म्हातारी झाली आहेत, आणि बांध व रपटे त्यांच्या उमेदीनंतर आले आहेत.

म्हणून पावसाळ्यापूर्वी गावच्या शाळेत मी मुलांबरोबर दोरी फेकण्याचा सराव घेतो. पाण्यात कोणी उतरत नाही; सगळा सराव मैदानावर होतो. दोरी कुठली, हेच आधी सांगावे लागते. सुताचा कासरा भिजून जड होतो, नायलॉनची दोरी बुडते, पॉलिप्रॉपिलीनची तरंगते. ती आणायची आणि तिच्या टोकाला तेलाचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन बांधायचा. फेकण्याआधी बुडणाऱ्याला हाक मारायची, त्याचे डोळे आपल्याकडे वळले की मगच फेकायचे. दोरी स्वतःच्या मनगटाला किंवा कमरेला कधीही गुंडाळायची नाही. खाली बसून पाय रोवायचे आणि प्रवाहालाच त्या माणसाला काठाकडे आणू द्यायचे. पाण्यात पडलेल्याने वाहत्या, गुडघ्याहून खोल पाण्यात उभे राहण्याची धडपड करायची नाही, कारण दगडाच्या फटीत पाऊल अडकले की पाण्याचा रेटा माणसाला आडवा करून खाली दाबून धरतो. उताणे होऊन, पाय पुढे आणि वर ठेवून काठाकडे सरकत राहायचे. बांधाखाली कोणी अडकले तर काठावरूनच दोरी द्यायची आणि मदतीला दुसरा माणूस आत जाऊ द्यायचा नाही. हे शेवटचे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा म्हणून घेतो, कारण भाऊ बुडत असताना काठावर उभे राहणे मुलांना अशक्य वाटते, आणि तसे वाटावे यातच त्यांचा चांगुलपणा आहे.

कयाकपटूंच्या हातखुणांतली एक मी मुद्दाम शिकवतो. गर्जनेत शब्द ऐकू येत नाहीत, तेव्हा काठावरचा माणूस हाताने खूण करतो, आणि ती नेहमी सुरक्षित बाजूकडे करतो. धोक्याकडे बोट दाखवायचे नाही, कारण घाबरलेला माणूस दाखवलेल्या दिशेनेच जातो. मुलांना सुरुवातीला हे जमत नाही. "तिकडे खड्डा आहे!" असे ओरडत सगळे खड्ड्याकडेच बोट करतात. थोड्या सरावानंतर हात मोकळ्या बाजूला वळू लागतात.

बांधासाठीही काही करता येते. खालच्या अंगाला सरळ भिंतीऐवजी पायऱ्या असल्या, किंवा मोठे दगड माथ्यापासून खालपर्यंत उतरते रचून पक्के बसवले, तर पाणी एकदम न पडता मोडत मोडत उतरते आणि उलटा प्रवाह बांधला जात नाही. साठ्यावर त्याचा परिणाम होत नाही. पुराने दगड हलू नयेत म्हणून ते किती मोठे हवेत आणि तळात किती रोवायला हवेत, हे अभियंत्याने ठरवायला हवे; माझ्या अंदाजावर ते सोडू नये. आमच्या गावाच्या वरच्या बांधाखाली असा उतार करून घ्यावा आणि बांधाच्या वरच्या अंगाला, पाण्याची रेषा सपाट दिसते त्याआधी, दोन्ही काठांवर फलक लावावेत, अशी मागणी मी ग्रामसभेत लेखी दिली आहे. दगड नाल्याच्या पात्रातच पडलेले आहेत आणि ट्रॅक्टर गावात आहेत. पात्र कोरडे असते ते होळीपासून मृग लागेपर्यंत, आणि काम त्याच दिवसांत व्हायला हवे.